टेबलावरचं कापड

मी रत्नमाला शांतवन लोंढे.
प्रभुभोजनाच्या टेबलावरचं कापड
एकोणीस वर्षं मीच धुते,
निळीतून एकदा काढून, सावलीत वाळवून,
घडी कपाटात, कापराच्या वडीशेजारी.

विणलं मल्लेशम चिप्पानं,
कन्ना चौकाच्या मागं, त्याचा हातमाग होता तेव्हा.
मी म्हटलं, देवाच्या कामाचं आहे, काही कमी कर.
म्हणाला, "अक्का, देवाचं म्हणून तर सूत जास्त घातलंय.
पैसे पूर्ण दे."
दिले. पावती घेतली.

पुढं माग भंगारात गेला
आणि मल्लेशम रंगखान्यावर रात्रीचा वॉचमन झाला.

त्या शनिवारी, पावणेदोनला,
बॉयलर फुटला.
झोपेत वाटलं, गड्ड्यातलं दारूकाम.
पण गड्डा उठून दोन महिने झालेले.
मग पत्रे पडत राहिले, कितीतरी वेळ,
आणि मधेच कुणीतरी तेलुगूत
आईला हाक मारली.

पाळकसाहेब बनियनवरच धावले.
हॉलचं कुलूप तोडायला निघाले होते,
किल्ली माझ्या पदराला.
बाक जोडले. माणसं आणून ठेवली.
सिस्टर यास्मिन ओरडत होती,
तेल नको, टूथपेस्ट नको,
पाणी ओता, नुसतं पाणी!

पाणी.
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो.
त्या रात्री चौथा दिवस होता,
घरोघरी बॅरलच्या तळाला हातभर राहिलेलं.
हमीदा बागवाननं पिण्याची कळशी आणली,
शिवलिंगप्पानं देवघरातली घागर,
विडी घरकुलाकडून पाहुणी आलेली एक पोर
बाळाच्या आंघोळीचा तांब्या घेऊन उभी.
कुणाचं कुठल्या अंगावर गेलं, कुणी बघितलं नाही.
सकाळी गल्लीतला एकही बॅरल भरलेला नव्हता
आणि नळाला अजून एक दिवस होता.

मल्लेशमला आणला तेव्हा
यास्मिननं नाडी बघितली, आणि पुढच्याकडं गेली.
त्याच्या अंगावर काही राहिलं नव्हतं.
मी चादर शोधत फिरले.
चादरींचं गाव हे,
आणि एक चादर उरलेली नाही.

कपाट उघडलं.
खरं सांगते, हात थांबला.
मनात आलं, उद्या प्रभुभोजन आहे.
किती वेळ आलं ते मी मोजलेलं नाही,
पण आलं.
मग घडी मोडली.
टेबल सहा फुटी. कापड त्याला
गळ्यापासून पायापर्यंत बरोबर झालं.

रविवारी पाळकसाहेब उभे राहिले आणि बोलेनात.
मागच्या बाकावरून सुदेश म्हणाला,
"देव कुठं होता, तेवढं सांगा."
"मला माहीत नाही," ते म्हणाले.
मग पुष्कळ वेळानं,
"मित्राच्या कबरेपाशी तो रडला होता.
घटकाभरानं मित्र उठून बाहेर येणार,
हे त्याला माहीत होतं.
तरी आधी रडला."
एवढाच उपदेश झाला. गीतही म्हटलं नाही.
डबे घेऊन आम्ही सिव्हिलला गेलो,
वॉर्डाबाहेर ज्याच्या हाताला जी भाकरी आली
ती त्यानं मोडून दिली.

पंधरा दिवसांनी नरसम्मा आली.
कापड धुऊन, इस्त्री करून.
"देवाचं आहे ना, अक्का, ठेवून कसं घेऊ?"
एका कोपऱ्यावर तपकिरी डाग राहिलाय.
मीही निळीत घातलं, लिंबू लावलं, दोनदा.
नाही गेला.
कमिटी म्हणाली, नवीन घ्या.
मी हो म्हटलं, आणि पहिल्या रविवारी
तेच अंथरलं,
डागाचा कोपरा लोकांकडं करून.
कुणी काही बोललं नाही.
भाकर मोडली गेली, त्यावरच.

क्रुसाखाली शिपायांनी त्याचा अंगरखा फाडला नाही,
वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता म्हणून.
तो कुणी विणला, कुठंच लिहिलेलं नाही.
ह्याची माझ्याकडं पावती आहे.